चुकणाऱ्या आकड्यांचं रसग्रहण

२६, २६, १३, २६, ०, ०, २५. सपाट रस्त्यावर, एका लयीत पायडल मारताना हँडलवरच्या बिनतारी सायकल काँप्युटरवर ही ओळ उमटली, तर बहुतेक सायकलस्वार एक तर ‘सेल गेला’ म्हणतात किंवा ‘माल भिकार आहे’ म्हणून मोकळे होतात. मला हा उतावळेपणा वाटतो. या ओळीतला प्रत्येक आकडा वेगळं काही सांगतो आहे, आणि ते नीट वाचलं तर बिघाडाची जागा जवळजवळ हाती येते.

मुळात हे यंत्र वेग मोजतच नाही. ते मोजतं दोन ठोक्यांमधला वेळ. पुढच्या चाकाच्या एका स्पोकवर छोटं चुंबक असतं आणि फोर्कवर सेन्सर. सेन्सरच्या पोटात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची काचेची बंद नळी, आणि तिच्यात लोह-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या, एकमेकींपासून केसभर दूर. चुंबक समोरून गेलं की पट्ट्या क्षणभर चिकटतात आणि सुटतात. बेल लॅब्जमध्ये वॉल्टर एलवूड यांनी १९३६ मध्ये शोधलेला हा रीड स्विच पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अमाप वापरला गेला. शांत खोलीत सेन्सर कानाशी धरून चुंबक जवळ नेलं, तर पुष्कळदा त्याची बारीक ‘टिक’ ऐकू येते. ती ऐकल्याशिवाय या यंत्राशी खरी ओळख होत नाही, असं माझं मत आहे.

७०० बाय २५ च्या टायरचा परीघ २१०५ मिलिमीटर धरतात. म्हणजे ताशी ३० किलोमीटरला सेकंदाला जेमतेम चार ठोके. आता तो १३ पुन्हा पाहा. तो २६ च्या बरोबर निम्मा आहे. एक ठोका गळला, दोन ठोक्यांमधला वेळ दुप्पट झाला, आणि यंत्रानं प्रामाणिकपणे वेग निम्मा केला. सरासरी काढून दाखवणाऱ्या यंत्रात हा निम्मा इतका स्वच्छ दिसत नाही, पण दिसला तर चाक आणि परिघाचं सेटिंग यांच्याकडे संशयानं पाहायचं कारण उरत नाही. ठोके आहेत, मधूनच एखादा पोचत नाही, एवढंच. शून्याचा अर्थ वेगळा. तिथे काही सेकंद एकही ठोका आलेला नाही. आणि सपाटीवर अचानक ७८ आला, तर तिथे ठोका गळलेला नसून बाहेरचा शिरलेला आहे. शिवाय ‘कमाल वेग’च्या खान्यात तो राइड संपेपर्यंत टिकतो. बिघाड निघून गेला तरी पुरावा मागे राहतो, ही मला या यंत्राची फार मोलाची सोय वाटते.

वेग सतत दुप्पट दाखवत असेल तर दुसऱ्या स्पोकवर जुनं चुंबक राहिलंय का ते पाहावं. चुंबक सेन्सरला फार चिकटून जात असलं तरी एका फेरीत दोनदा स्विच लागू शकतो.

गळणारा ठोका कुठे गळतो, हे ठरवण्याची रीत मला सगळ्यात देखणी वाटते. पुढचं चाक उचलून फिरवायचं, डिस्प्ले हँडलवरून काढायचा आणि सेन्सरच्या अगदी जवळ धरायचा. तिथे आकडा स्थिर राहिला तर चुंबक आणि स्विच निर्दोष. ठोका जन्मतो आहे, वाटेत हरवतो आहे. तिथेही अडखळला तर चूक खाली, चुंबकाच्या अंतरात किंवा सेन्सरच्या सेलमध्ये. हा सेल मीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो म्हणून त्याला सोडून देऊ नये. नाणं-सेल निवांत असताना व्होल्टेज टिकवून धरतो, पण संदेश पाठवण्याच्या क्षणी दबतो. म्हणून सेलला टेकणाऱ्या पट्ट्या पुसून तिथे नवा सेल घालून पाहावाच.

साध्या अ‍ॅनालॉग सेटची पोच साधारण ६० ते ७० सेंटिमीटर. सेन्सर डिस्प्लेकडे पाठवतो त्या संदेशाचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं, म्हणजे अंतर दुप्पट झालं की उरतो आठवा हिस्सा. साहजिकच वाटतं, सेन्सर फोर्कवर वर सरकवला की काम झालं. पण हबच्या कडेपासून निघालेले स्पोक रिमकडे मध्यरेषेत येतात. सेन्सर जितका वर, तितकं त्याच्या उंचीवरचं चुंबक फोर्कपासून दूर. डिस्प्ले जवळ येतो आणि चुंबक लांब जातं. रुंद सस्पेन्शन फोर्कवर ही ओढाताण आणखी वाढते. कुठे थांबायचं हे ठरवताना चुंबक पाचेक मिलिमीटरच्या अंतरानं जाईल अशी सगळ्यात वरची जागा शोधायची, आणि सेन्सरचा कल असा ठेवायचा की त्याची आणि डिस्प्लेची दिशा जुळेल. या दहा मिनिटांच्या झिप-टाय सरकवण्यात मला कारागिरी दिसते.

बाहेरून शिरणाऱ्या ठोक्याचं मूळ बहुधा हँडलवरच असतं. पुण्या-मुंबईकडच्या बीआरएम या लांब पल्ल्याच्या राइडना बऱ्याचदा पहाटे अंधारात सुरुवात होते, एलईडी दिवा लागतो आणि त्याच क्षणी वेग बेफाम होतो. दिव्यातलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं, आणि अ‍ॅनालॉग रिसीव्हरला तो गोंधळ आणि चाकाचा ठोका यांतला फरक कळत नाही. दिवा बंद करून आकडा शांत होतो का पाहावं, मग दिवा हँडलच्या दुसऱ्या टोकाला न्यावा. शेजारून जाणाऱ्या मित्राच्या सेन्सरचे ठोकेही असा सेट पकडू शकतो.

परीघ चुकीचा भरण्याची तऱ्हा मात्र यात बसत नाही. २१०५ ऐवजी २०९६ भरलं, तर २०० किलोमीटरच्या राइडमध्ये सुमारे ८५० मीटर कमी दिसतील, पण आकडा डळमळणार नाही.

रात्रभर दिवा लावून गटानं जाणाऱ्यांनी अ‍ॅनालॉग सेटच्या मागे लागू नये. त्यांनी कोड-जोडणी असलेला डिजिटल सेट घ्यावा, नाहीतर सरळ वायरवाला.