छताची भोकं कोणासाठी?

सभागृहाच्या छताला भोकांचा पत्रा लावायचा आणि त्याच्यामागे दिवे बसवायचे, ही टूम आता आमच्या सांडोरसारख्या गावांपर्यंत येऊ पाहते आहे. छायाचित्रात असं छत चांदण्यासारखं दिसतं. आमची तक्रार त्याच्या रूपाबद्दल नाही. अशा पत्र्याला भोकं पाडतात ती मुख्यतः आवाजासाठी, हे मात्र विसरलं जातं.

समजा, अडीच मिलिमीटर व्यासाची भोकं उभ्याआडव्या रांगांत दर पाच मिलिमीटरवर पाडली. पत्र्याचा किती भाग मोकळा राहील? मुलांना हिशेब करू द्या. उत्तर २० टक्क्यांच्या आसपास येईल. प्रकाशाची तरंगलांबी भोकाच्या मानाने नगण्य, म्हणून तो सरळ रेषेत जातो. भोकावर पडला तेवढाच खाली येतो, बाकीचा पत्र्यावर आपटून वर परततो. (वरची पोकळी पांढरी रंगवली तर त्यातला थोडा परत मिळतो, एवढंच.)

आवाजाचं तसं नाही. १००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर. बारीक, दाट भोकांचा पातळ पत्रा त्याच्या लेखी जवळजवळ नसतोच! प्रत्येक भोकातली चिमूटभर हवा मागेपुढे हलते आणि आवाज पलीकडे पोचतो. तिथे खनिज लोकरीचा थर असेल तर तो त्यात जिरतो आणि सभागृह घुमत नाही.

आता यामागे दिवे लावायचे कसे? लोकर ठेवली तर ती प्रकाश अडवते. काढली तर मागच्या बाकावरच्या मुलांना वक्त्याचे शब्द नीट कळत नाहीत. सजावटकार बहुधा लोकर काढतात, कारण घुमणं छायाचित्रात दिसत नाही.

मुंबई विमानतळाचं टर्मिनल दोन २०१४ साली सुरू झालं. एसओएम या संस्थेच्या वास्तुरचनाकारांनी तिथल्या छताच्या खणांत रंगीत काचेच्या लहान चकत्या बसवून प्रकाशाला त्याची स्वतंत्र वाट दिली. शाळेच्या सभागृहात एवढा थाट नको. दिव्यांपुरते चौकोन कापून घ्यावेत आणि उरलेला पत्रा लोकरीसह आवाजासाठी सोडावा.

वर्गात हे पडताळायला पत्र्याची भोकांची चाळणी पुरे. ती विजेरीपुढे धरून भिंतीकडे पाहा. मग पातेल्यात छोटा रेडिओ ठेवून वर आधी ताट आणि नंतर चाळणी झाका.