सरासरीआड दडलेला खड्डा

वर्गातील निम्म्या मुलांना शंभर आणि निम्म्यांना शून्य गुण मिळाले, तर सरासरी पन्नास येते. पण पन्नास गुणांचा एकही मुलगा त्या वर्गात नसतो. शिक्षकांना हे ठाऊक आहे. धातूच्या भागांचा खडबडीतपणा मोजणारे मात्र ते अनेकदा विसरतात. आम्हीही त्यांतलेच.

लेसरने धातूची भुकटी थरावर थर वितळवून सुटे भाग घडवण्याचे तंत्र, म्हणजे धातूचे थ्री-डी प्रिंटिंग, आज विमानाच्या इंजिनापासून कृत्रिम सांध्यापर्यंत पोचले आहे. भुकटीचे कण साधारणपणे १५ ते ४५ मायक्रोमीटर व्यासाचे असतात. अर्धवट वितळलेले कण पृष्ठभागाला चिकटतात आणि भाग हाताला खरखरीत लागतो. हा खरखरीतपणा सांगताना पुष्कळदा एकच आकडा दिला जातो: 'आर-ए', म्हणजे मध्यरेषेपासूनच्या उंची-खोलींची, चिन्ह सोडून काढलेली सरासरी. आमचा आक्षेप आहे तो एवढ्यावरच थांबण्याला.

फळ्यावर करून पाहा. तीन पृष्ठभागांवर दहा-दहा बिंदू घ्या. पहिल्यावर आळीपाळीने +९ आणि −९ मायक्रोमीटर. दुसऱ्यावर नऊ बिंदू +५ आणि एक −४५. तिसऱ्यावर नऊ बिंदू −५ आणि एक +४५. तिन्हींचा 'आर-ए' ९ च येतो! तिसऱ्यावरचा उंचवटा, म्हणजे एखादा चिकटलेला कण, घासून काढता येतो. दुसऱ्यावरचा खड्डा घालवायचा, तर भोवतालचा धातू ५० मायक्रोमीटर उतरवावा लागेल. आणि वारंवार ताण सोसणाऱ्या भागात भेग बहुधा अशा खड्ड्यापासूनच सुरू होते.

दुसरी उणीव साधनाची. मोजणारी सुई वरून फिरते; कणाच्या पोटाखालची फट तिला कळतच नाही. तेथे क्ष-किरणांचे सीटी चित्रण उपयोगी पडते.

'आर-ए' टाकाऊ नाही. लेथवर कातलेल्या भागावर हत्याराच्या खुणा नियमित असतात. तेथे तो चांगले काम देतो. छापलेल्या भागासाठी मात्र सर्वांत खोल दरी किती, उंचवटे जास्त की खड्डे, आणि किती लांबी कशाने मोजली, हेही सांगायला हवे. भेग सरासरी पाहून पडत नाही. ती सर्वांत दुबळी जागा शोधते.