किल्लीचा रेडिओ ऐकवतो काय?
आफ्रिकेतील एड्सवरचा कार्यक्रम पाहून ट्रेव्हर बेलिस या ब्रिटिश संशोधकाने १९९१ मध्ये किल्लीचा रेडिओ बनवला. पहिल्या नमुन्यात दोन मिनिटे किल्ली फिरवली की स्प्रिंगमधली ऊर्जा चिमुकल्या जनित्रामार्फत चौदा मिनिटे पुरे. पुढे रवांडातील अनाथ मुलांना असेच रेडिओ वाटले गेले. सेल परवडत नाहीत तिथे ही युक्ती नामीच! पण दाते रेडिओ मोजतात, कार्यक्रम नव्हे. मुलांच्या भाषेत, कामे आटोपल्यावर काही लागत नसेल तर ते नुसते खोके.

गुहागर तालुक्याने मेगावॅटांची मिजास पाहिली आहे. अंजनवेलचा वीजप्रकल्प २००१ ते २००६ ठप्पच होता. वॅटचा अंश पुरणारा हा रेडिओ इथल्या शाळेत जरूर असावा. मात्र देणगी स्वीकारण्यापूर्वी डोंगराआडच्या वर्गात रत्नागिरी आकाशवाणी स्पष्ट लागते का, ते गुरुजींनी ऐकून पाहावे.