दुर्योधनाची मांडी, अकिलीसची टाच
रिक रायर्डनचा पर्सी जॅक्सन स्टिक्स नदीत उतरतो आणि कमरेमागची एक जागा सोडून अभेद्य होतो. ‘हे होमरकडून आलं’ असं पटकन लिहू नका. ‘इलियड’मध्ये अकिलीसच्या हाताला जखम होऊन रक्त येतं, नदीत बुडवल्याची कथा पहिल्या शतकातल्या स्टेशियसच्या काव्यात सापडते.

आपल्याकडेही तसंच. गांधारीच्या नजरेने दुर्योधन वज्रदेही झाला, ही गोष्ट भांडारकर संस्थेच्या १९६६ साली पूर्ण झालेल्या चिकित्सक आवृत्तीत नाही. वनपर्वात त्याचं वरचं शरीर वज्राचं, खालचं फुलांचं आहे. मग लोककथा खोटी? उलट तीच जास्त बोचते. पर्सी आपली जागा स्वतः निवडतो. इथे आईसमोर लाजून झाकलेली मांडीच भीम फोडतो.

उद्या काठीला फिल्डवर्क करताना तिसरंच रूप ऐकलंत, तर ‘चूक’ लिहू नका. काय बदललं, ते लिहा.