पाव्हणं, गाव कोणतं?

काही वर्षांपूर्वी पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या एका कलाकेंद्रात मी एक अख्खी संध्याकाळ काढली. समोर पाळीपाळीने बाऱ्या होत होत्या. शेजारच्या गृहस्थांनी दहाच्या कोऱ्या नोटांचं बंडल गुडघ्यावर ठेवलं होतं. बोटाला थुंकी लावून ते एकेक नोट सोडवायचे, वर धरायचे, समोरची पोरगी नाचत येऊन ती घेऊन जायची. मध्येच माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पाव्हणं, गाव कोणतं?" मी सांगितलं. गाव त्यांच्या तालुक्यातलं नव्हतं, जिल्ह्यातलंही नव्हतं. गृहस्थ जरा सैलावले, आणि पुढची फर्माईश त्यांनी मोठ्या आवाजात केली.

लावणीवर काही वाचलं की मला ते गृहस्थ आठवतात, कारण त्या वाचनात ते कुठेच भेटत नाहीत. बाई मात्र पुष्कळ भेटते. तिची जात, तिचा बाप, तिचा चिरा कधी उतरला, तिचं घर कोण चालवतं, सगळं विचारून झालंय. लावणी महाराष्ट्राची अस्मिता, पण लावणी करणारी बाई कोणाची, हा प्रश्न गेली तीसेक वर्षं आपल्याकडच्या संशोधकांनी, लेखकांनी आणि रंगकर्मींनी लावून धरला. त्यातून फार मोलाचं काम उभं राहिलं, आणि एक मोठं भगदाडही तसंच राहिलं.

त्याआधीचा अभ्यास शाहिरांचा होता. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम. त्यांच्या रचना, वृत्तं, शृंगार आणि अध्यात्म. गंगाधर मोरजे यांच्यासारख्यांनी लावणीला वाङ्मयाच्या पंक्तीला बसवण्यासाठी जे कष्ट घेतले त्यांना तोड नाही. पण त्या पंक्तीत बसली ती संहिता. ती गाणारी बाई वाढपीण राहिली.

शर्मिला रेगे यांनी 1995 साली लिहिलेल्या निबंधाने ही मांडणीच फिरवली. पेशवाईतल्या लावणीने खालच्या मानलेल्या जातींतल्या बाईचं शरीर उपलब्ध ठरवलं, आणि पुढे मध्यमवर्गाने तीच लावणी 'स्वच्छ' करून आपल्या रंगमंचावर नेली, तेव्हा बाई मागेच राहिली, असा त्यांचा रोख होता. कोल्हाटी, महार, मांग या जातींतल्या बायकांच्या श्रमाकडे श्रम म्हणून पाहायला या लेखनाने शिकवलं. शैलजा पैक यांचं 2022 चं पुस्तक हाच धागा आणखी मागे आणि आणखी खोल नेतं. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या कशी सांगत आलो? रेठऱ्याच्या श्रीधर कुलकर्ण्याने, म्हणजे याच बापूरावाने, पवळेपायी जात सोडली, केवढा हा त्याग! पवळेने काय सोडलं, काय कमावलं, याची चौकशी त्या गोष्टीत नसते. पैक ती करतात. 'अश्लील', 'अस्सल' आणि 'माणूस' या तीन शब्दांच्या ओढाताणीत तमाशातली दलित बाई कशी जगली हे त्या दाखवतात. येरवड्यात वाढलेल्या या अभ्यासक बाईंना 2024 ची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी कौतुकाच्या चौकटी छापल्या. त्यांनी मांडलेला वाद मात्र त्या चौकटींत फारसा मावला नाही.

माझी कुरकुर थोडी वेगळी आहे. हे सगळं लेखन मुळात इंग्रजीत झालं, आणि त्यात सूर फार कमी ऐकू येतो. मोरज्यांच्या परंपरेत बाई नव्हती, इथे लावणी विरळ होते. बैठकीची लावणी म्हणजे काय चीज आहे हे ज्याने पाहिलंय त्याला ही उणीव टोचते. बाई पाय दुमडून बसते. पेटी आणि तबला सोडले तर हलतं ते फक्त कमरेच्या वरचं अंग, आणि त्यातही बहुतेक काम भुवईचं, मानेचं, पदराच्या टोकाचं. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते. पहिल्यांदा रुसून, मग थट्टेत, मग जणू शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय अशा दबक्या बेताने, मग एकदम ताठ होऊन, मालकिणीच्या तोऱ्यात. शब्द तेच, अर्थ दरवेळी नवा. वाईच्या यमुनाबाईंना 1977 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 2012 मध्ये पद्मश्री मिळाली ती या विद्येसाठी. अदा ही बाईची बुद्धी आहे. तिला नुसतं शोषणाच्या खात्यात मांडलं की बाईची अर्धी कमाई हिशेबातून गळते.

ही कमाई पुन्हा खात्यावर जमा केली ती भूषण कोरगावकर यांच्या 'संगीत बारी'ने. आधी पुस्तक आलं, मग त्यावरून सावित्री मेधातुल यांच्यासोबत रंगमंचावरचा प्रयोग. पुस्तकात गौरव कमी आणि घरगुती तपशील जास्त, म्हणून ते मला आवडतं. पार्टीची मालकीण कोण, पेटीवाल्याचा वाटा किती, आधी तिकिटावरचं स्टेज आणि मग खासगी बैठक हा रोजचा क्रम, शिकलेल्या मुलीने घुंगरू बांधावेत की नाही यावरची घरातली भांडणं. प्रयोगात शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावंत स्वतः गातात, अदा करतात आणि बोलतात. इथे बाई अभ्यासाचा नमुना म्हणून येत नाही, ती उस्ताद म्हणून येते.

तरीही त्या प्रयोगाला मी गेलो तेव्हा टाळ्या वाजवता वाजवता जरा अवघडलो. शहरातलं वातानुकूलित नाट्यगृह, आजूबाजूला सुती साड्या आणि खादीचे कुडते. शिट्टी मारायची मुभा आहे म्हटल्यावर सगळे कसे खुलले! आम्ही रसिक, आम्ही समजूतदार, आम्ही त्यांतले नाही. प्रयोग प्रेक्षकाला इतक्या अलगद माफ करतो की कलाकेंद्रातले नोटा धरणारे गृहस्थ कुणा दुसऱ्याच प्रजातीचे वाटू लागतात.

सिनेमाबद्दल फार लांबण लावत नाही. 1959 च्या 'सांगत्ये ऐका'पासून 'पिंजरा'मार्गे 2022 च्या 'चंद्रमुखी'पर्यंत तमाशातली बाई पडद्यावर डौलाने आली. 'पिंजरा'तला मास्तर असो की 'चंद्रमुखी'तला पुढारी, गोष्ट पुरुषाच्या घसरणीची. अपवाद 'नटरंग'चा. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा हा पीळदार अंगाचा मजूर नाच्या होतो आणि बघणाऱ्यांच्या नजरेखाली स्वतः येतो. ती नजर पुढे हिंसक होते आणि त्याच्या देहावर तुटून पडते. बघणाऱ्याचा एवढा थेट जाब मराठी पडद्याने क्वचितच घेतलाय. गंमत म्हणजे आपण त्या सिनेमातून घरी नेली ती गाणी.

आत्मकथनांत किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' (1994) अजून टोकदार आहे. मधल्या जागी बापाऐवजी आईचं नाव लावणाऱ्या या डॉक्टराने पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच अर्धी गोष्ट सांगून टाकली. शाळेच्या दाखल्यावरची ती रिकामी जागा म्हणजे बघणाऱ्याचीच जागा. तो आला, राहिला, निघून गेला, आणि पोराला मागे ठेवताना नाव तेवढं बरोबर घेऊन गेला. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सरकारनेच सक्तीचं केलं. काळे 2007 मध्ये गेले. हा कागद त्यांना पाहायला मिळाला नाही.

आडनावाचा मामला मात्र अजून कागदावर मिटत नाही. 2023 मध्ये गौतमी पाटील यांच्या नाचावरून गदारोळ उठला तेव्हा 'अश्लील' हा जुना शब्द हाताशी होताच. त्याच्या जोडीला नवी मागणी आली, की बाईंनी पाटील हे आडनाव लावू नये, त्याने बदनामी होते. त्यांनी ते सोडलं नाही. ज्यांना त्यांचा नाच पसंत नाही त्यांच्याशी वाद घालायची मला गरज वाटत नाही. मलाही तो लावणी म्हणून पटत नाही. पण कार्यक्रमाला लोटलेल्या त्या हजारो पुरुषांची, झाडांवर आणि छपरांवर चढलेल्यांची आडनावं काय होती? त्यांनी कोणाची बदनामी केली? अजून कोणी विचारलेलं नाही. आमच्या विद्यापीठांतही या गर्दीवर कोणी प्रबंध घेतलाय असं मला दिसलेलं नाही. बाईकडे टेपरेकॉर्डर घेऊन जाणं सोपं. ती गरजू असते, दार उघडं असतं. बाप्याच्या दारात बुलेट आणि सोसायटीचं चेअरमनपद असतं.

त्या संध्याकाळी कार्यक्रम संपल्यावर मालकीणबाईंनी चहा दिला. आत तबल्याला खोळ चढवत होते, एक मुलगी पायातली घुंगरं सोडत उद्याच्या पेपराचं काहीतरी पुटपुटत होती. शेजारचे गृहस्थ बैठकीच्या खोलीकडे गेले होते. मी विचारलं, "हे नेहमीचे का? नाव काय त्यांचं?"

बाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"आम्ही नाव इचारत न्हाई," त्या म्हणाल्या. "आन्‌ इचारलं तर समदे पाटीलच आस्त्यात."