भोर समितीच्या अहवालातील नैतिक भूमिका : एक चिकित्सा

प्रास्ताविक

आरोग्यसेवा समाजातील सर्वांना मिळावी, या विधानाला उघड विरोध करणारा मनुष्य आज सहसा आढळत नाही. मतभेद सुरू होतात ते ही सेवा कोणत्या आधारावर द्यावयाची आणि तिचा भार कोणी उचलावयाचा, या प्रश्नांपाशी. भारतात या प्रश्नांचा शासकीय पातळीवरील पहिला सविस्तर विचार 'आरोग्य सर्वेक्षण व विकास समिती'ने केला. ऑक्टोबर १९४३ मध्ये नेमलेल्या या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिक येथे जन्मलेले व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी होते. समितीचा चार खंडांतील अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या अहवालाचा उल्लेख सामाजिक वैद्यकशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतो, परंतु तो बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या संकल्पनेचे उगमस्थान म्हणून. अहवाल हा मुळात एक नैतिक युक्तिवाद आहे, ही बाब दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात त्या युक्तिवादाची बलस्थाने व उणिवा तपासून, आजच्या विमाधारित योजनांच्या संदर्भात त्याचे मूल्य काय उरते, याचा विचार केला आहे.

अहवालाची पार्श्वभूमी व मूळ तत्त्व

समितीची नेमणूक झाली तेव्हा बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मृत्युमुखी पडत होती. इंग्लंडमध्ये बेव्हरिज अहवाल १९४२ मध्ये येऊन गेला होता आणि युद्धोत्तर समाजाची नवी कल्पना आकार घेत होती. समितीने देशाच्या आरोग्यस्थितीचे जे चित्र मांडले ते विदारक होते. १९३७ मध्ये दर हजार जन्मांमागे १६२ बालके वर्षाच्या आत दगावत होती आणि सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षे होते. याच काळात न्यूझीलंडमधील बालमृत्यूचे प्रमाण ३१ होते. ही तुलना समितीने सहेतुक केली. जे मृत्यू अन्यत्र टळतात ते येथेही टळू शकतात, म्हणजेच ते दैवाधीन नसून व्यवस्थेचे अपयश आहेत, असा तिचा आशय होता.

या चित्रातून समितीने जे तत्त्व काढले ते असे की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही व्यक्ती पुरेशा वैद्यकीय सेवेपासून वंचित राहता कामा नये. त्याच्या जोडीला दुसरे, अधिक धाडसी तत्त्व आहे. सेवा सर्वांना कोणताही भेद न करता मोफत द्यावी आणि ज्यांची ऐपत आहे त्यांचा वाटा करांच्या मार्गाने घ्यावा, असे समितीने सुचविले. या दोन तत्त्वांत सूक्ष्म परंतु महत्त्वाचा फरक आहे. पहिले तत्त्व गरिबाला सवलत देऊनही पाळता येते. दुसरे तत्त्व पाळावयाचे तर दवाखान्याच्या दाराशी रुग्णाच्या ऐपतीची चौकशीच थांबवावी लागते. अहवालाचा खरा नैतिक गाभा या दुसऱ्या तत्त्वात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तात्त्विक कसोटी

या भूमिकेची तात्त्विक तपासणी करण्यासाठी पुढील काळातील एका वादाचा उपयोग होतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९६२ च्या समतेवरील निबंधात असे प्रतिपादन केले की, वैद्यकीय सेवेच्या वाटपाचा योग्य आधार आजारपण हाच होय. दोन माणसांचा आजार सारखाच असताना एकाला पैशाअभावी उपचार मिळत नसेल, तर ती स्थिती विवेकाला धरून नाही. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात यावर आक्षेप घेतला. केशकर्तनकाराने आपली सेवा गरजेनुसार वाटावी असे आपण म्हणत नाही. मग वैद्यालाच हे बंधन का? सेवा देणारा माणूस आपले कौशल्य कोणासाठी वापरावयाचे हे ठरविण्यास मोकळा नाही काय?

नोझिक यांचा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. विल्यम्स यांनी सेवेचा हेतू सांगितला. त्या हेतूची पूर्ती करण्याचे कर्तव्य कोणाचे, हे सांगितले नाही. भोर समितीची मांडणी या बाबतीत अधिक भक्कम आहे. तिने हे कर्तव्य एकट्या डॉक्टरच्या सदसद्विवेकबुद्धीवर टाकलेले नाही. ते करांच्या द्वारे समाजावर टाकले आणि डॉक्टरला वेतन मिळेल अशी व्यवस्था सुचविली. पूर्णवेळ शासकीय डॉक्टरांनी खाजगी व्यवसाय करू नये, ही शिफारस याच भूमिकेतून आली आहे.

नोझिक यांचा अनुयायी येथे म्हणेल की, मग कर देणाऱ्यावर सक्ती का? याचे उत्तर भारतीय परिस्थितीत शोधले तर ते अमूर्त राहत नाही. आपल्याकडे डॉक्टरांच्या अनेक पिढ्या शासकीय व महानगरपालिकांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून, सार्वजनिक निधीवर तयार झाल्या. विद्यार्थ्यांनी नाडी पाहण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतचे शिक्षण घेतले ते सर्वसाधारण वॉर्डातील रुग्णांवर. हे रुग्ण प्रायः गरीब असत. म्हणजे वैद्यकीय कौशल्य हे केवळ वैयक्तिक परिश्रमाचे फळ नसून त्यात गरिबांच्या देहांचाही वाटा आहे. ज्यांच्या सहभागातून हे ज्ञान निर्माण झाले त्यांनाच ते ऐपतीअभावी नाकारणे, हा केवळ दयेचा अभाव नव्हे. तो न्यायाचा भंग आहे.

अहवालातील अंतर्विरोध

अहवालाची ही बाजू मान्य करूनही त्यातील उणिवा नोंदविणे आवश्यक आहे. पहिली उणीव समर्थनाच्या पातळीवरील आहे. समिती कधी नागरिकाच्या गरजेची भाषा बोलते, तर कधी आजारपणामुळे होणाऱ्या राष्ट्राच्या आर्थिक हानीची. ही दोन समर्थने एकत्र नांदू शकतात, परंतु ती एकरूप नाहीत. उत्पादनक्षमता हा आधार मानला तर वृद्ध, मतिमंद, असाध्य रोगाने जर्जर झालेली व्यक्ती यांचा सेवेवरील हक्क दुबळा ठरतो. स्वातंत्र्योत्तर काळात हिवतापाविरुद्धच्या मोहिमेला किंवा कुटुंबनियोजनाला जे प्राधान्य मिळाले, ते सर्वसाधारण रुग्णसेवेला मिळाले नाही. याची कारणे अनेक आहेत. तथापि राष्ट्राच्या लाभाची भाषा ही त्या प्राधान्यक्रमाला सोयीची होती, हे नाकारता येत नाही.

दुसरी उणीव डॉक्टरकेंद्रिततेची. सर्व देशासाठी एकच 'मूलभूत डॉक्टर' असावा आणि कमी मुदतीचा परवानाधारक अभ्यासक्रम बंद व्हावा, असे समितीच्या बहुमताचे मत होते. काही सभासदांनी यावर भिन्न मत नोंदविले. बहुमताचा हेतू उदात्त होता : खेड्यातील माणसाला दुय्यम प्रतीचा डॉक्टर का? परंतु समान दर्जाची सेवा उद्या मिळावी म्हणून आज काहीच न मिळणे, हे खेड्यातील रुग्णाच्या दृष्टीने समतेचे लक्षण नाही. याच सुमारास राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीने, मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिब सिंग सोखी यांच्या अध्यक्षतेखाली, दर हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा अशी शिफारस केली होती. रजनीकांत व मेबेल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात आणि अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत जे कार्य केले, त्यातून सोखी यांच्या विचाराची शक्ती प्रत्ययास आली. गडचिरोलीतील घरोघरी नवजात बालसेवेचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांच्या साहाय्याने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले.

मात्र या मार्गाचाही एक नैतिक पैलू आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' या नावाने लाखो स्त्रियांची नियुक्ती झाली. त्यांना 'स्वयंसेविका' म्हटले गेले आणि वेतनाऐवजी कामागणिक मोबदला देण्यात आला. सर्वांना सेवा देण्याचे ब्रीद स्त्रियांच्या अल्पमोली श्रमावर उभे राहत असेल, तर अन्याय दूर झाला असे म्हणता येत नाही. तो रुग्णाकडून सेविकेकडे सरकला, एवढेच.

तिसरी उणीव मौनाची आहे. शासकीय डॉक्टरच्या खाजगी व्यवसायावर बोलणारी समिती स्वतंत्र खाजगी वैद्यकव्यवसायाच्या नियमनाविषयी पुरेसे बोलत नाही. देशी वैद्यकपद्धतींचा निर्णय तिने प्रांतांवर सोपविला. ज्या पद्धतींवर बहुसंख्य जनता विसंबून होती त्यांना व्यवस्थेत कोणते स्थान द्यावयाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. महाराष्ट्रात होमिओपॅथी डॉक्टरांना आधुनिक औषधे मर्यादित प्रमाणात देण्याची मुभा देणारी २०१४ ची कायदा-दुरुस्ती व तिच्याभोवती उठलेला वाद, ही या मौनाची दूरवर गेलेली पडछाया म्हणता येईल. शिवाय पैसा हाच प्रमुख अडथळा मानल्यामुळे जात, लिंगभेद व अंतर या अडथळ्यांचा नैतिक विचार अहवालात क्षीण आहे. आजार सांगण्याचीच ज्या स्त्रीला घरात मुभा नाही, तिच्यापर्यंत मोफत सेवाही पोहोचत नाही.

सेवा की विमा?

गेल्या दीड दशकात धोरणाची दिशा बदलली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची हमी आहे.

या योजनांमुळे अनेक कुटुंबांना हृदयाच्या शस्त्रक्रिया व कर्करोगाचे उपचार आवाक्यात आले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि येथे वचनाचे स्वरूपच पालटले आहे. भोर समितीने सेवेचे वचन दिले होते. विमा योजना ठरावीक उपचारांच्या ठरावीक खर्चाचे वचन देते. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या किंवा ताप आल्यावरची बाह्यरुग्ण तपासणी या वचनात बसत नाही. ज्या रुग्णाचा रक्तदाब वेळीच नियंत्रणात आणता आला असता, त्याच्या वाट्याला मदत येते ती पक्षाघातानंतर. दुसरी गोष्ट पात्रतेची. महाराष्ट्राच्या योजनेत सुरुवातीला पिवळी व केशरी शिधापत्रिका हा प्रमुख निकष होता. म्हणजे आजारी माणसाने आधी आपले दारिद्र्य सिद्ध करावयाचे. ज्याच्यापाशी कागद नाही असा भटक्या जमातीतील किंवा स्थलांतरित मजूर या कसोटीवर मागे पडतो. भेद न करता सेवा देण्याचे तत्त्व नेमके हेच टाळू पाहत होते.

या पार्श्वभूमीवर २०२३ मधील दोन निर्णय लक्षणीय आहेत. महाराष्ट्र शासनाने विमा योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचे ठरविले, तसेच १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा निःशुल्क केल्या. दोन्ही निर्णयांत 'सर्वांना' हा शब्द आहे. परंतु एक सार्वजनिक सेवेला बळ देऊ पाहतो, तर दुसरा सार्वजनिक पैसा खाजगी रुग्णालयांकडेही वळवितो. शुल्क माफ केले तरी डॉक्टर, परिचारिका व औषधे नसतील तर भेदरहित सेवेचे तत्त्व कागदावरच राहते.

निधीच्या अभावाचे कारण येथे हमखास पुढे येते. सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजूर समितीच्या खटल्यात १९९६ मध्ये स्पष्ट केले की, शासकीय रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा भंग आहे आणि निधीची टंचाई ही सबब होऊ शकत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. परंतु त्याच वर्षी शासकीय आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता, तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. शिवाय खिशातून खर्च न होण्याचे एक कारण उपचारच न घेणे हेही असू शकते, हे या आकड्यांच्या वाचनात विसरता येत नाही.

समारोप

सर्वांना मोफत सेवा दिल्यास श्रीमंतांनाही तिचा लाभ मिळेल, मग मर्यादित निधी केवळ गरिबांवरच का खर्च करू नये, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु ज्या रुग्णालयात फक्त गरीबच जातात, तेथील गैरसोयीविरुद्ध आवाज उठविणारेही फक्त गरीबच उरतात आणि त्यांचा आवाज सहसा ऐकला जात नाही. शिक्षक, अधिकारी व लोकप्रतिनिधी ज्या रांगेत उभे राहतात ती रांग सुधारण्याची शक्यता अधिक असते. श्रीमंतांकडून घ्यावयाचा वाटा करातून घेता येतो. त्यासाठी रुग्णांची वर्गवारी करण्याची गरज नाही.

भोर समितीच्या अहवालाचे सर्व तपशील आज स्वीकारण्याजोगे नाहीत. डॉक्टरकेंद्रितता, सामाजिक विषमतेचे अपुरे भान आणि खाजगी क्षेत्राविषयीचे मौन या त्याच्या मर्यादा ठळक आहेत. तरीही रुग्णाला 'तू कोण व तुझी ऐपत काय' असे न विचारता 'तुला काय होते' एवढेच विचारणारी व्यवस्था शक्य आहे, हा विश्वास पारतंत्र्यात व दुष्काळाच्या छायेत या अहवालाने व्यक्त केला. त्या काळाच्या तुलनेत आज देशाची साधनसंपत्ती कितीतरी पटींनी वाढली आहे. म्हणून प्रत्येक नव्या आरोग्य योजनेचे मूल्यमापन करताना तिने किती रुपयांची हमी दिली यापेक्षा, ती रुग्णाला दाराशी कोणता प्रश्न विचारते, हे आधी पाहिले जावे.