अंधाराची कारागिरी

औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात लिंग समोर दिसत नाही. मंडपातून आत गेलं की जमिनीत एक अरुंद तोंड लागतं. तिथून बसत, सरकत, पायऱ्यांनी खाली उतरायचं. खाली छत इतकं ठेंगणं की ताठ उभं राहता येत नाही. श्रावणात सेनगाव-गोरेगावकडून आलेला शेतकरी असो की पुण्याहून गाडी करून आलेलं कुटुंब, वाकायचं सगळ्यांनाच. बाहेर उन्हात काळ्या दगडाच्या भिंतीवर हत्तींच्या रांगा, देवदेवता, सुरसुंदरी, कोरीवकामाला खंड म्हणून नाही. आत मात्र सगळं थांबतं. यादवकाळातल्या कारागिरांनी डोळ्यांना आधी भरपूर दिलं आणि मग ते काढून घेतलं. गूढतेची भावना माणसाच्या मनात असते हे खरं, पण तिला जाग यायला अशी रचना लागते. रुडॉल्फ ओटो या जर्मन अभ्यासकाने १९१७ साली पवित्राच्या अनुभवात थरकाप आणि ओढ एकत्र नांदतात असं मांडलं. औंढ्याच्या कारागिरांना ते सुमारे सातशे वर्षं आधी दगडात साधलं होतं.

गूढता जागवण्याची ही कला आज कोणत्या अवस्थेत आहे? माझं मत स्पष्ट आहे: वास्तू टिकल्या, त्यांतला अंधार आपण घालवला. मराठवाड्यातल्या कितीतरी हेमाडपंती देवळांत शिल्पांवर ऑइलपेंटचे थर आहेत, गाभाऱ्याला बाथरूमच्या टाइल्स आहेत आणि पिंडीच्या डोक्यावर पांढऱ्याफेक एलईडी पट्ट्या आहेत. हे भक्तीपोटीच होतं, देणगीदाराचं नाव टाइलवर असतं आणि त्याची श्रद्धा खोटी नसते. पण समईच्या उजेडात दगड हलल्यासारखा वाटायचा, सावली मूर्तीच्या चेहऱ्याला भाव द्यायची, ते सगळं त्या पट्टीने पुसून टाकलं. आता मूर्ती दिसते, पूर्ण दिसते आणि दोन क्षणांत पाहून होते.

औंढ्याच्याच जिल्ह्याने या प्रश्नाची दुसरी बाजूही दाखवली आहे. इथलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथे देव नसेल तिथे माझे पाय ठेव. आख्यायिका आहे, इतिहास म्हणून ती मांडता येणार नाही, पण तिच्यात एका मोठ्या बदलाची खूण आहे. बंद गाभाऱ्यातलं गूढ तिने उंबऱ्याबाहेर काढलं. देव सगळीकडे असेल तर गूढ संपायला हवं होतं. झालं उलटंच, ते शब्दांत आणि स्वरांत आलं, कीर्तनात उभं राहिलं आणि पंजाबपर्यंत गेलं. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. म्हणून गूढतेची बाजू घेणारा माणूस पुजाऱ्याच्या मक्तेदारीची बाजू घेतो, असं मी मानत नाही. भोंदूबाबाचं तर नावच नको. त्याचा सगळा धंदा झाकण्यावर चालतो, आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा त्याच्यासाठीच आहे.

कलेच्या दृष्टीने मला खरी काळजी देवीच्या गोंधळाची वाटते. रात्री अंगणात चौक भरला जातो, कलश मांडला जातो, ज्वारीची ताटं बांधून छोटा मांडव उभा राहतो. दिवटी पेटते, बुधलीतून तेलाची धार तिच्यावर पडते आणि ज्योत एकदम उसळते. संबळाची दोन तोंडं, एक बारीक, एक घुमणारं. त्यांच्या जोडीला तुणतुण्याची एकसुरी तार. मग गावोगावच्या देवांना नावं घेऊन बोलावणं सुरू होतं. हे आवाहन लांबतं आणि लांबलंच पाहिजे. तासाभराने ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर झोप असते, कानात संबळ असतो, आणि आपल्या गावच्या देवीचं नाव आलं की अंगावर काटा येतो. यानंतर आख्यान.

परभणीचे राजाराम कदम यांनी गोंधळाची जी परंपरा गाजवली, तिच्यात जांभूळ आख्यान आहे. पुढे विठ्ठल उमपांनी ते रंगभूमीवर नेलं. तोडलेलं जांभूळ पुन्हा झाडाला लागायला हवं, त्यासाठी प्रत्येकाने मनातलं खरं सांगायचं, आणि द्रौपदीला कर्णाबद्दलची ओढ सांगावी लागते. पतिव्रतेच्या मनातला हा कोपरा पहाटेच्या सुमाराला, देवीच्या साक्षीने, सगळ्या घरादारासमोर उघडा होतो. जांभूळ देठाला चिकटतं आणि कुणी त्याचा अर्थ समजावत बसत नाही. मराठी कथेत यापेक्षा खोल जागा मला फार थोड्या दिसतात.

हा गोंधळ आता महोत्सवात दहा मिनिटांचा झाला आहे. दिवटीच्या जागी बल्ब, संबळाखाली कीबोर्ड आणि निवेदकाचं ‘लोप पावत चाललेली कला’ हे पालुपद. कलावंतांना मानधन मिळतं, ते मिळायलाच हवं. पण कापलेल्या आवाहनातून देव येत नाही, हे गोंधळ्यांनाही कळतं.

सिनेमाने मात्र अधूनमधून गूढतेचा मान राखला आहे. प्रभातच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’मध्ये चमत्कारांची ट्रिक फोटोग्राफी आज जुनी वाटते, विष्णुपंत पागनिसांचा चेहरा वाटत नाही. उमेश कुलकर्णींच्या ‘देऊळ’मध्ये (२०११) एका गुराख्याला उन्हात झाडाखाली दत्त दिसतो, आणि गावाने देऊळ उभारेपर्यंत तो दत्त त्याच्या हातून निसटतो. आपल्या काळाचं इतकं नेमकं निदान समीक्षेनेही केलेलं नाही.

देवस्थानांच्या विश्वस्तांना आणि पुरातत्त्व खात्याला एकच विनंती: गाभाऱ्यातला झगझगीत दिवा काढा, वाट दिसेल इतकाच उजेड ठेवा, आणि दगडावरचा रंग जाणकारांच्या हातून उतरवून घ्या. आणि तुमच्या घरी लग्नानंतरचा गोंधळ असेल, तर गोंधळ्यांना ‘थोडक्यात आटपा’ म्हणू नका. माईक बंद करा, अंगणातले दिवे मालवा, दिवटी पेटू द्या आणि आख्यान संपेपर्यंत पोरांना घेऊन बसा.